केसरीनाथच्या गिटारीचे पिकप

केसरीनाथ तरेच्या गिटारीतला खणखणाट नेमका कधी गेला, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. दुधवाला रोज चमचाभर पाणी वाढवत नेतो आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही, तसं झालं. मग काल्हेरच्या एका हळदीत, सगळा मांडव नाचायला उभा असताना, त्याने आपली ठरलेली सुरावट उचलली आणि त्याला वाटलं, ही आपली गिटार नाहीच. कुणीतरी तारांवर गोधडी टाकली आहे.

त्याच्या गावात, भिवंडीजवळच्या दापोड्यात, त्याला लहानथोर सगळे ओळखत. गाव आता गोडाऊनांचं. जिथे भाताची खाचरं होती तिथे पत्र्याच्या लांबलचक शेडी, आणि दिवसभर कंटेनर मागेपुढे होत असतात. ज्यांच्या जमिनी रस्त्याला लागून होत्या त्यांची पोरं भाड्यावर बसून खातात. केसरीनाथच्या वाट्याला आली ती मागची, खाडीकडची चिखलाची पट्टी. ती वडलांच्या दुखण्यात गेली. म्हणून सतरा-अठराच्या वयात तो नारपोलीला लतीफशेठच्या यंत्रमागाच्या कारखान्यात लागला आणि तिथेच जॉबर झाला. जॉबर म्हणजे लूम बिघडला की त्याच्या पोटात शिरणारा माणूस. ओळीने उभे असलेले लूम, वर पत्रा, आणि धोटा इकडून तिकडे आपटतानाचा तो खडखडाट. आत शिरलं की पहिले काही दिवस माणसाचे दात हलल्यासारखे वाटतात, मग सवय होते. केसरीनाथला झाली, ती तिसाहून जास्त वर्षांची झाली.

पण गाव त्याला जॉबर म्हणून ओळखत नव्हतं. गाव ओळखत होतं ते ‘केसरीची गिटार’ म्हणून. तरुणपणी वसईला एका लग्नात त्याने इनास नावाच्या माणसाला इलेक्ट्रिक गिटार वाजवताना पाहिलं आणि रविवारच्या रविवार एसटीने वसई गाठायला लागला. इनासने त्याला शिकवलं, आणि पुढे स्वतः आखातात नोकरीला निघाला तेव्हा आपली तांबडी गिटार त्यालाच देऊन गेला. इकडे हळदीला बेंजो लागतो, ढोलकी लागते, कीबोर्ड लागतो, गिटार कुणी मागत नाही. केसरीनाथने ती मागायला लावली. बेंजोच्या वरून त्याची एक बारीक, चकचकीत तान निघायची, काशाच्या वाटीवर नख मारावं तशी, आणि म्हाताऱ्या बायासुद्धा म्हणायच्या, “केसरी आयला गो.” मांडवात शिरायच्या आधी, लांब रस्त्यावरून, नुसत्या आवाजावरून त्या ओळखायच्या.

तोच आवाज गेला.

आधी त्याने तारा बदलल्या. मग केबल बदलली. मग भावेशच्या अॅम्पवर संशय घेतला. भावेश म्हणजे त्यांच्या ऑर्केस्ट्राचा मालक, कीबोर्डही तोच वाजवायचा. त्याने दुसरा अॅम्प लावून दाखवला. गोधडी काही निघेना. तेव्हा केसरीनाथने मनाशी ठरवलं, दोष तारांच्या खालीच आहे.

“पिकप बदलाया लागंल,” त्या दिवशी जेवताना तो म्हणाला.

कमळ, त्याची बायको, भाकरी तव्यावर टाकता टाकता थांबली. दापोड्यात पिकप म्हणजे एकच, मागे उघडा हौदा असलेला टेम्पो. घरटी एक उभा असतो.

“आपल्याकरं कुठं हाय पिकप?”

“गिटारीचा गो.”

“गिटारीला पिकप?” ती हसत सुटली. मुलगी मृणाली पण हसली. ती भिवंडीत कॉलेज करून एका गोडाऊनच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची. मग तिनेच बापाच्या गिटारीकडे वाकून बघितलं. केसरीनाथने तिला दाखवलं. तारांच्या खाली बसवलेल्या तीन लांबट पट्ट्या. त्यांच्या पोटात लोहचुंबक, त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळलेली. वरची तार थरथरली की ह्या ती थरथर धरतात आणि अॅम्पला नेऊन देतात. ह्या म्हाताऱ्या झाल्या की आवाज म्हातारा होतो.

“कोण म्हणालं?” मृणालीने विचारलं.

“कोन म्हनायला कशाला पायजे? ऐकू येतंय ना.”

भिवंडीत तीनबत्तीजवळ गल्लीत इम्रानचं दुकान होतं. अॅम्प, मिक्सर, दर्ग्यातल्या कव्वालीचे भोंगे, गणपतीतल्या पोरांचे स्पीकर, सगळं त्याच्याकडे दुरुस्तीला यायचं. इम्रान इथल्याच जुन्या कोकणी घरातला, तिशीचा, कमी बोलणारा. त्याने गिटारीची पांढरी पट्टी खोलली, मीटर लावला, एकेक पिकप तपासला.

“काका, चालू आहेत की. तिन्ही चालू आहेत.”

“चालू हायत, पन जीव न्हाय त्यांच्यात.”

“जुने आहेत, थोडा फरक पडतो,” इम्रान म्हणाला. “टाकायचे म्हणता तर टाकू नवे. मागवावे लागतील.”

पिकप मागवले. मृणालीने फोनवर पार्सलचा माग काढला तर ते तिच्याच ऑफिसच्या पलीकडच्या गोडाऊनमधून सुटलं होतं. तिथून ठाण्याला गेलं आणि ठाण्याहून फिरून भिवंडीत इम्रानच्या दुकानात आलं. केसरीनाथला त्याची भारी गंमत वाटली. “घराच्या भिंतीला लागून व्हता माझा आवाज,” तो कारखान्यात लतीफशेठला सांगत सुटला. पुष्कळ दिवसांनी तो असा मोकळा हसत होता.

बसवायच्या दिवशी तो कारखान्यातून तसाच गेला, अंगाला कापसाचा भुगा घेऊन. इम्रानने जुन्या तारा सोडवल्या, जुने पिकप काढून कागदात गुंडाळले, नवे बसवून सोल्डर मारला. राळेचा तिखट धूर दुकानात पसरला. तारा चढवून, सूर लावून, इम्रानने जॅक खोचला आणि सगळ्यात बारीक तार नुसती बोटाने छेडली. शेजारच्या दुकानातला माणूस वळून बघायला लागला.

“बघा,” इम्रान खूश होऊन म्हणाला. “काच फुटल्यासारखा येतोय.”

केसरीनाथने गिटार मांडीवर घेतली. वाजवलं. पुन्हा वाजवलं. खालचे जाड सूर चांगले भरून येत होते, पण वर गेलं की तीच गोधडी. त्याने इम्रानच्या तोंडाकडे पाहिलं. तो पोरगा मनापासून खूश दिसत होता. म्हणून केसरीनाथ म्हणाला, “हां, आयलाय थोडा.”

घरी जाईपर्यंत तो थोडासुद्धा उरला नाही.

पुढे काय झालं ते सांगताना भावेशला आजही जड जातं. केसरीनाथ महिन्या-दोन महिन्यांनी इम्रानकडे जायला लागला. कधी पिकपचे स्क्रू फिरवून ते तारांच्या जवळ आणायला सांगायचा, कधी आतला एखादा पार्ट बदलायला. दुसरे पिकप आले, पहिल्याहून कडक. ते बसवले त्या संध्याकाळी घरात छोट्या अॅम्पवर त्याने वाजवून पाहिलं तर मृणालीने दोन्ही कानांवर हात ठेवले.

“पप्पा, टोचतंय!”

“कुठं टोचतंय?”

“कानात. सुई घातल्यासारखं.”

केसरीनाथला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. कमळ चुलीपाशी होती, तीसुद्धा काहीतरी बोलली, पण तिचं तोंड भिंतीकडे होतं. त्याने विचारलं, “काय?” ती पुन्हा बोलली. “काय बोलतंस?” मग ती वळली आणि ओरडली, “बंद कर बोललं!” हल्ली ती सारखी ओरडायची. त्याला वाटायचं, बाई चिडकी झाली आहे. फोन वाजून वाजून बंद पडायचा, तेव्हा त्याला वाटायचं, फोनच बिघडला आहे. गिटार बिघडली, फोन बिघडला, बायकोचा स्वभाव बिघडला. एवढं सगळं एकदम बिघडतं कसं, हा प्रश्न त्याला पडला नाही. माणसाला स्वतःच्या घरात सगळीकडे बघता येतं, फक्त जिथे उभा आहे तिथे बघता येत नाही.

पूर्णे गावच्या हळदीत त्याने नवे पिकप पहिल्यांदा स्टेजवर नेले. नाचणारे पुढे होते. त्याने तान उचलली तशी पुढच्या रांगेतल्या दोन-तीन पोरींनी तोंडं वेडीवाकडी केली आणि मागे सरकल्या. भावेशने कीबोर्डवरून हात काढून त्याला खूण केली, पंजा खाली-खाली. केसरीनाथला ती खूण ‘वाजव, वाजव’ अशी वाटली. त्याने आणखी जोर लावला. कार्यक्रम संपल्यावर भावेश काही बोलला नाही. भावेशच्या वडलांना गिटारीच्या साथीला बसवून केसरीनाथने त्यांचा पहिला कार्यक्रम काढून दिला होता. अशा माणसाला काय बोलणार?

त्यानंतरच्या काशेळीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ कुणीतरी फोनवर टाकला. मृणाली तो बघत होती. केसरीनाथ तिच्या खांद्यावरून वाकला. तांबडा सदरा घातलेला तोच होता, डोळे मिटून, मान मागे टाकून वाजवत होता.

“पप्पा,” मृणाली त्याच्याकडे वळून, मोठ्याने म्हणाली, “यात तुमची गिटार कुठंय?”

“म्हंजे?”

“ऐकूच येत नाहीये. बेंजो आहे, ढोलकी आहे. तुमची नाही.”

“मागनं येत असंल.”

तिने पुन्हा लावला. त्याची बोटं तारांवर धावत होती. तिने फोन कानाला लावला आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तो अंजूरफाट्याला भावेशच्या घरी गेला. भावेशने त्याला आत बसवलं, चहा सांगितला, आणि चहा आल्यावरही इकडचं तिकडचं बोलत राहिला. केसरीनाथने मधेच तोडलं.

“काशेलीला माझी गिटार चालू व्हती का न्हाय?”

भावेशने कप खाली ठेवला. “काका, खोटं नाही बोलणार. चॅनल बंद केला होता. साउंडवाल्याला मीच सांगितलं.”

“आख्खा कार्यक्रम?”

“पूर्ण्याला लोक बोलले. कान फाटतात बोलले. तुम्हाला खूण केली, तुम्ही आणखी वाढवलं. मी काय करणार होतो?” भावेशचा आवाज बारीक झाला असावा, कारण पुढचं केसरीनाथला नीट कळलं नाही. त्याच्या ओठांवरून एवढंच कळलं की तुम्ही आमचे आहात, स्टेजवर या, उभे राहा, वाजवा, लोकांना तुम्ही दिसला पाहिजेत.

“वाजवा, पन मुकं,” केसरीनाथ म्हणाला.



आख्खा कार्यक्रम तो वाजवत होता आणि ती बंद होती, आणि त्याला कळलं नव्हतं. स्टेजवरच्या गदारोळात आपलाही आवाज कुठेतरी असेल, असं धरून तो चालला होता. पायातली थरथर, छातीवर आदळणारा ढोल, बोटांना ठाऊक असलेली सुरावट, त्यावर त्याचं भागलं होतं. चहा तसाच सोडून तो उठला तो रिक्षा करून थेट तीनबत्तीला. अजूनही, इतकं झाल्यावरही, त्याच्या मनात एकच होतं. पिकप फसले. तिसरे घालायचे.

“इम्रान, ह्ये काढ. सगल्यात कडक कुठले मिलतात ते मागव.”

इम्रान एका मोठ्या स्पीकरचा पडदा चिकटवत होता. त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं.

“बसा काका. आधी जरा हा स्पीकर तपासून घेऊ द्या.”

त्याने फोन त्या स्पीकरला जोडला. फोनमध्ये एक खेळणं होतं, आवाज चढवत नेणारं. खालच्या घुमणाऱ्या सुरापासून निघून तो हळूहळू वर, बारीक, आणखी बारीक होत जातो, आणि स्पीकर कुठे फाटतो ते कळतं. घूं करून सुरू झालं. केसरीनाथने मान डोलावली. आवाज शिटीसारखा झाला. मग थांबला.

केसरीनाथ वाट बघत बसला. इम्रान फोनकडे बघत होता. त्याने डोळे बारीक केले होते, खांदे आक्रसून घेतले होते. दुकानाबाहेर एक बाई मुलीचा हात धरून चालली होती, तिने कपाळाला आठ्या घालून आत पाहिलं. मुलीने कानात बोटं घातली. पायरीवर निजलेलं कुत्रं उठून पलीकडे गेलं.

“लाव की फुरं,” केसरीनाथ म्हणाला. “बंद केलास का?”

इम्रानने फोन उलटा करून त्याच्यासमोर धरला. पडद्यावर रेघ अजून सरकत होती, चढत होती. मग त्याने बोटाने ती थांबवली. कुत्रं वळून बघायला लागलं. इम्रानचे खांदे खाली आले.

केसरीनाथने ते सगळं पाहिलं. त्या बाईचा चेहरा, त्या मुलीची बोटं, ते कुत्रं. कुणी काही सांगायची गरज राहिली नव्हती. तरी इम्रान त्याच्या शेजारी स्टुलावर येऊन बसला आणि तोंड त्याच्यासमोर आणून सावकाश म्हणाला, “काका, गिटार चांगली आहे. पहिल्यांदा आणलीत तेव्हाही चांगली होती. मला दुसऱ्या वेळी शंका आली. बोलायला हिंमत नाही झाली.”

“मना बैरा बोलतंस?”

“डॉक्टरला दाखवा. मी एवढंच बोलतो.”

केसरीनाथ गिटार तिथेच ठेवून निघाला. रिक्षा न करता पायी चालत, धामणकर नाक्यावरून, नारपोलीच्या अंगाने. दोन्ही बाजूंच्या कारखान्यांतून लूम वाजत होते. तो आवाज त्याला ऐकू येत होता. तो सगळा, जसाच्या तसा.

मृणाली त्याला ठाण्याला घेऊन गेली. काचेच्या कपाटासारख्या खोलीत बसवून कानावर टोप चढवले आणि हातात बटण दिलं. ऐकू आलं की दाबायचं. त्याने सुरुवातीला भराभर दाबलं, मग थांबून थांबून, मग काचेपलीकडच्या मुलीच्या हाताकडे बघून अंदाजाने दाबायला लागला. तिने ते ओळखलं आणि पाठ फिरवून बसली. नंतर कागद आला. त्यावरची रेघ डावीकडून जरा वेळ सरळ चालत होती आणि मग डोंगरावरून दगड सुटावा तशी खाली गेली होती.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. मृणालीकडे न वळता सगळं त्यालाच सांगत होत्या, मोठ्याने, त्याच्याकडे बघून. आतल्या बारीक सुरांच्या नसा गेल्या आहेत. कारखान्याच्या आवाजाने, आणि वरून स्टेजच्या. दोन्ही कान.

“औषध?” त्याने विचारलं.

“नाही.”

“ऑपरेशन?”

“त्याचाही उपयोग नाही. कानाला मशीन लावा. घरच्यांचं बोलणं कळेल.”

“आनि गिटार?”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “ऐकू येईल. पण तुम्हाला हवी तशी नाही. जे आत उरलेलंच नाही ते मशीन कुठून आणणार?”

मशीन आलं. कमळचं बोलणं थोडं थोडं कळायला लागलं. ती ओरडायची थांबली. तेवढ्यावर तिचा जीव सुखावला आणि ती गणेशपुरीला जाऊन नारळ ठेवून आली. केसरीनाथने इम्रानकडून गिटार आणली, मशीन लावून वाजवली. पत्र्यावर खडे टाकल्यासारखा आवाज आला. त्याने मशीन काढून वाजवली. गोधडी. पुन्हा लावलं, खडे. तासभर तो ह्या दोहोंच्या मधे जात-येत राहिला. कमळ दारात उभी राहून बघत होती. गिटार खाली ठेवल्यावर ती म्हणाली, “जाऊ दे ना आता.”

“तुला आठवतं कसा व्हता?”

“काय?”

“माझा आवाज.”

कमळने तो जन्मभर ऐकला होता, पण आवाज सांगतात कसा? “चांगला व्हता,” ती म्हणाली. “लई चांगला व्हता.” त्याने मान हलवली, जणू त्याला एवढंच विचारायचं होतं.

पुढच्या आठवड्यात तो इम्रानकडे गेला आणि कडक पिकप काढून जुनेच बसवायला सांगितले. इम्रानने कागदाची गुंडाळी जपून ठेवली होती. “आता कशाला, काका?” त्याने विचारलं. “जेला ऐकू येतं तेच्या कानाला तरी नको टोचाया,” केसरीनाथ म्हणाला. इम्रानने पैसे घेतले नाहीत. त्याने तार छेडली आणि मान खाली घालून म्हणाला, “मस्त वाजतेय.” केसरीनाथने त्याच्या ओठांवरून ते वाचलं. भावेशने गिटार आपल्या भाच्यासाठी मागितली होती. केसरीनाथने ती दुकानातूनच परस्पर भावेशकडे पाठवून दिली आणि घरी आला. कमळला वाटलं, हा रडेल. तो जेवला आणि झोपला.

लतीफशेठला त्याने कानाच्या तपासणीचा कागद दाखवला. शेठ आता सत्तरीला आलेले, ऑफिसात लूमांच्या आवाजातच बसून हिशेब बघणारे. त्यांनी कागद उलटसुलट केला.

“अरे केसरी, इथं कोणाचे कान शाबूत आहेत?” ते ओरडून म्हणाले. “माझ्या अब्बांना शेवटी अजान ऐकू यायची नाही. पोरं हाताला धरून उठवायची. मला पण आता...” त्यांनी आपल्या उजव्या कानाकडे बोट केलं आणि हात हलवला. कागद परत दिला. रागावायला समोर कुणी असतं तर बरं झालं असतं. समोर एक थकलेला, बहिरा होत चाललेला म्हातारा होता.

त्या उन्हाळ्यात मृणालीचं लग्न ठरलं. मुलगा गणेशपुरीकडचा, चांगला. हळदीला भावेशचा ऑर्केस्ट्रा आला, पैसे न घेता. केसरीनाथ यजमान म्हणून हिंडत राहिला, पाहुण्यांना पाणी, पाहुण्यांना जेवण. लोक त्याला अडवून काही बोलायचे आणि तो हसून “हो, हो” म्हणायचा. कुणीतरी वारलेल्या भावाबद्दल सांगत होतं, त्यालाही तो हसून “हो” म्हणाला. मशीन त्याने दुपारीच काढून ठेवलं होतं. मांडवातले भोंगे सुरू झाले की ते कानात किंचाळायचं.

लग्नाच्या दिवशी सकाळी आनंदीबाई आली. ती धवलारीण, धवले म्हणजे लग्नविधीची गाणी गाऊन लग्न लावणारी. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणाऱ्या म्हाताऱ्या आता बोटावर मोजण्याइतक्या राहिल्या आहेत. कमळचं लग्नही तिच्याच आईने लावलं होतं, म्हणून कमळने तिला लांबून बोलावून आणलं. ऑर्केस्ट्रा गेला होता, भोंगे बंद होते. बाया गोल बसल्या, मधे हळद लावलेली मृणाली. आनंदीबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गायला सुरुवात केली. पिकलेला, तारेसारखा बारीक आवाज, अध्येमध्ये थरथरणारा. बाया गप्प झाल्या. फोन खाली गेले.

केसरीनाथ खांबाला टेकून उभा होता. त्याला म्हातारीचे ओठ हलताना दिसत होते. गळ्याची शीर वरखाली होत होती. कमळच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते त्याला दिसलं. त्याने खिसा चाचपला. मशीन आत, कपाटावर राहिलं होतं.

त्या घरात रीत होती. धवल्यात मुलीच्या बापाचं नाव आलं की बापाने पुढे येऊन हात जोडायचे. आनंदीबाईने नाव घेतलं. सगळ्या बायांनी त्याच्याकडे बघितलं. तो त्यांच्याकडे बघून हसला. आनंदीबाईने ओळ फिरून घेतली, नाव पुन्हा घेतलं. तो तसाच उभा, चेहऱ्यावर तेच पाहुण्यांसाठीचं हसू. मागून कुणी बाई फिसकन हसली. मग कमळ उठली, बायांच्या मधून वाट काढत आली, आणि तिने त्याचं कोपर धरून त्याला पुढे आणलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्याने हात जोडले. तोवर धवला पुढे, मुलाकडच्यांवर गेला होता.

मृणाली त्याच्याकडे बघत होती. हळदीच्या तोंडाने ती रडायला लागली, आणि बाया म्हणाल्या, आता रडतेच पोरगी, बापाचं घर सुटतंय. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हातारी गात राहिली.

मांडव उतरल्यावर केसरीनाथ नारपोलीला ड्युटीवर गेला. लतीफशेठने दोन लूम भंगारात काढले होते, ते दाराशी पडले होते. त्यांना वळसा घालून तो आत शिरला आणि बाकीच्यांचा खडखडाट अंगावर आला. आत कुणी तोंडाने बोलत नव्हतं, तिथे कधीच कुणी बोलत नाही. कांडी संपली की बोट गोल फिरवायचं, जॉबर हवा असला की हात वर करायचा, पाणी हवं तर अंगठा ओठाला लावायचा. पलीकडच्या कारागिराने त्याला पाहून हनुवटी उडवली आणि दोन्ही हातांनी हार घातल्याची खूण केली. झालं का लग्न? केसरीनाथने मान हलवली. त्याने हात छातीवर ठेवला. बरं झालं.

सासरी जाताना मृणालीने त्याच्या खिशात कानात घालायचे मऊ बोळे ठेवले होते आणि घालायची शपथ घातली होती. ते खिशातच होते. तिसऱ्या ओळीतून एक हात वर झाला. केसरीनाथने भिंतीवरचा पाना उतरवला आणि तिकडे चालू लागला.